व्यायामानंतर सीआरपी चढतं, मग व्यायामाने दाह उतरतो कसा?

रविवारी एकवीस किलोमीटर धावायचं आणि सोमवारी सकाळी रक्त तपासायला द्यायचं, म्हणजे रिपोर्टमध्ये सीआरपी, दाह वाढला की यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन, नेहमीपेक्षा चढलेलं दिसणारच. मग प्रश्नही ठरलेला: "व्यायामाने शरीरातला दाह कमी होतो म्हणता ना? मग हे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. 'दाह' या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या गोष्टी घालतो, त्यामुळे हा गोंधळ होतो. त्यातली एक व्यायामाने थोड्या वेळासाठी वाढते, आणि ती अशी वरचेवर वाढून उतरत राहिली की दुसरी हळूहळू खाली येते.

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात आणि चार दिवसांत सगळं निवतं. हा तीव्र दाह, आणि तो नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता. दुसरा प्रकार जुनाट मंद दाह. यात काहीच लाल होत नाही, काहीच ठणकत नाही. फक्त रक्तातले दाहाचे काही पदार्थ वर्षानुवर्षं थोडे चढे राहतात, राखेखाली निखारा धुमसत राहावा तसे. याला मराठीत सर्रास 'सूज' म्हटलं जातं आणि तिथेच घोळ होतो. अंगात सूज आहे असं सांगितलं की माणूस आधी पायाच्या घोट्यावर बोट दाबून बघतो.

हा मंद दाह रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचायला मदत करतो, इन्सुलिनचा प्रभाव कमी करतो आणि उतारवयात स्नायू झिजवतो. वयाबरोबर तो आपसूक वाढतो. इटालियन शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये त्यासाठी 'इन्फ्लमेशन' (दाह) आणि 'एजिंग' (वय वाढणं) मिळून 'इन्फ्लमेजिंग' असा जोडशब्दच तयार केला. दाह हे हृदयविकाराचं नुसतं लक्षण आहे की कारणही, हा वाद बरीच वर्षं चालला होता. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या लोकांना दाहाचा फक्त एक संदेश अडवणारं औषध दिलं गेलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, तरी पुढचे झटके कमी झाले. मात्र त्याच औषधाने जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. दाह सरसकट दाबून टाकणं महागात पडतं. व्यायामाची खुबी अशी की तो धुमसणं कमी करतो, पण गरज पडली की पेटायची ताकद काढून घेत नाही.

आता स्नायूंकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६, हा दाहाचा नामांकित संदेशवाहक. लठ्ठपणात, मधुमेहात, संधिवातात तो रक्तात वाढलेला सापडतो, म्हणून त्याची गणना कायम खलनायकांत व्हायची. पुढे दिसलं की मॅरेथॉननंतर रक्तातलं आयएल-६ शंभर पटींपर्यंत चढू शकतं. सुरुवातीला समज असा की स्नायूंना इजा झाली, म्हणून रोगप्रतिकारक पेशी ते सोडत असणार. कोपनहेगनमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाने २००० च्या सुमारास एका पायाने व्यायाम करणाऱ्या लोकांच्या त्या पायात जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्तातलं आयएल-६ मोजलं. ते बाहेर सोडत होता काम करणारा स्नायू, तेही इजा नसताना. अशा स्नायूजन्य संदेशवाहकांना पुढे 'मायोकाइन' हे नाव मिळालं. स्नायू हालचाल करतो तसाच एखाद्या ग्रंथीसारखा रक्तात रसायनंही सोडतो, हे तेव्हापासून मान्य झालं.

एकच पदार्थ एका ठिकाणी खलनायक आणि दुसऱ्या ठिकाणी उपकारक कसा? फरक सोबतीचा आणि वेळेचा आहे. जंतुसंसर्गात आधी टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१ हे आगलावे संदेशवाहक सुटतात, मग त्यांच्या मागोमाग आयएल-६. साध्या व्यायामात हे दोघे जवळजवळ हलतच नाहीत आणि आयएल-६ एकटंच चढतं. ते चढलं की मागून आयएल-१० आणि आयएल-१ रोधक हे आग विझवणारे पदार्थ वाढतात. काही तासांत आयएल-६ पुन्हा तळाला येतं. लठ्ठपणात ते रात्रंदिवस थोडं चढलेलंच राहतं, उतरत नाही, आणि पेशी त्या सततच्या कुरकुरीला सरावतात.

याची सर्वांत देखणी परीक्षा २००३ मध्ये झाली. निरोगी पुरुषांना जंतूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, अगदी थोड्या मात्रेत शिरेतून दिलं गेलं. एका वेळी ते नुसते आराम करत बसले होते, तेव्हा त्यांच्या रक्तात टीएनएफ-अल्फा दुप्पट-तिप्पट झालं. दुसऱ्या वेळी त्यांनी तीन तास सायकल चालवली, तेव्हा ही वाढ दिसलीच नाही. तिसऱ्या वेळी व्यायामाऐवजी आयएल-६ शिरेतून सोडलं, तेव्हाही ती दबली. म्हणजे व्यायामातलं आयएल-६ टीएनएफला आवर घालतं, हे थेट माणसात दिसलं.

कामाची एक बारीकशी बाब: स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा जितका उतरतो तितकं आयएल-६ जास्त सुटतं. व्यायामाची लांबी आणि त्यात राबणारे मोठे स्नायू यांना म्हणूनच महत्त्व आहे. पाच किलोमीटर झपाझप चालताना मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू राबतात. हातात हलके डंबेल घेऊन केलेले दहा मिनिटांचे हातवारे त्याच्या जवळपासही येत नाहीत. पण यावरून रोज उपाशीपोटी दोन तास धावायला सुटू नका. त्याने काय बिघडतं ते पुढे येतंय.

दुसरी वाट पोटातून जाते. आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साचणारी आतली चरबी हा दाहाचा कारखाना. तिथल्या पेशी फुगतात, त्यांना ऑक्सिजन अपुरा पडतो, काही मरतात, मग साफसफाईला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि तिथेच तळ ठोकून टीएनएफ आणि आयएल-६ सोडत राहतात. तिथलं रक्त थेट यकृतात जातं आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. नियमित व्यायामाने ही आतली चरबी उतरते, कित्येकदा वजनकाट्यावर विशेष काही दिसायच्या आधीच. यातही आयएल-६ चा हात आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटाचा घेर जास्त असलेल्या लोकांनी १२ आठवडे सायकल चालवली. काहींना आयएल-६ चं काम अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध दिलं होतं. औषध न घेतलेल्यांची पोटातली चरबी घटली. औषध घेतलेल्यांनी तेवढाच व्यायाम केला, पण चरबी घटली नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण व्यायामाच्या जाहिरातीत ती वगळली जाते. सीआरपी चढलेल्या १६२ बैठ्या लोकांवरच्या एका चाचणीत, २०१० मध्ये, चार महिन्यांच्या व्यायामाने गटाचं सरासरी सीआरपी हललं नाही. ज्यांचं वजन घटलं त्यांचंच ते उतरलं. दुसरीकडे ब्रिटनमधल्या चार हजारांहून जास्त मध्यमवयीन कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, दहा वर्षं आठवड्याला अडीच तास तरी हालचाल टिकवणाऱ्यांचं सीआरपी आणि आयएल-६ दोन्ही कमी आढळले. दोन्ही एकत्र वाचले की माझा निष्कर्ष असा: चार महिन्यांत रिपोर्टचा आकडा बदलेल या आशेने व्यायाम करू नये, कंबर बदलते का ते बघावं. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर घेर ८० च्या आत. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायचा आणि श्वास सोडून झाल्यावर मोजायचं. पोट आत ओढून मोजलेला घेर फक्त मनाच्या समाधानाला उपयोगी.

मग करायचं किती? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम अशी आहे. दाहाच्या बाबतीतही मला हाच पट्टा पुरेसा वाटतो. मध्यम म्हणजे काय हे यंत्राशिवाय कळतं: चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोरकस. पावलं मोजायची सवय असेल तर मिनिटाला साधारण १०० पावलं ही मध्यम चालीची खालची मर्यादा. नाडीवर विश्वास असणाऱ्यांनी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करावी. पन्नाशीच्या माणसाला १७३ मिळतात, हे त्याच्या नाडीचे अंदाजे कमाल ठोके, आणि त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १११ ते १३१ ठोके, हा मध्यम पट्टा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर हे गणित विसरा, ती गोळी नाडी मुळातच दाबून ठेवते. बोलण्याची परीक्षा मात्र तेव्हाही चालते.

अगदी शून्यापासून सुरुवात असेल तर पहिले दोन आठवडे पाच दिवस, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चालणं पुरे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोनदा पंधरा मिनिटं, की आठवड्याचे १५० झालेच. पाचव्यापासून त्यातल्या दोन दिवशी सलग ३० ते ४० मिनिटं, आणि एका दिवशी मध्ये मध्ये एकेक मिनिट वेग वाढवायचा, अशा सहा खेपा. बहुतेकांचं गाडं तिसऱ्या आठवड्यात अडतं, कारण पहिल्याच आठवड्यात उत्साहाने तासभर चाललेलं असतं आणि पोटरी किंवा टाच धरलेली असते.

ताकदीच्या व्यायामाला लोक उगाच घाबरतात. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीवर किंवा टेबलाच्या कडेवर दंड, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं: एवढ्या पाच हालचालींत सगळे मोठे स्नायू येतात. प्रत्येकाच्या १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. फेरी संपताना आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटायला हवं. दोन दिवसांत ४८ तासांचं अंतर ठेवा. साठीनंतर हा भाग चालण्याइतकाच महत्त्वाचा मानावा, कारण स्नायू घटला की मायोकाइन सोडणारा कारखानाच लहान होतो.

आणि बसणं. सकाळी तासभर फिरून आल्यावर नऊ तास खुर्चीला चिकटून राहणं ही फार प्रचलित चूक आहे. दर २० मिनिटांनी दोन मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी चढतात, हे प्रयोगात मोजलेलं आहे. जेवणानंतर साखर आणि स्निग्ध पदार्थ रक्तात जितके उसळतात तितका दाहही थोडा उसळतो, तेव्हा जेवणानंतरची दहा मिनिटांची चाल फुकट जात नाही. उलट बाजूही बघा: निरोगी तरुणांची रोजची सुमारे १०,००० पावलं दोन आठवड्यांसाठी दीड हजारांवर आणली, तेवढ्यानेच त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद मंदावला.

आता काय बिघडतं ते.

पहिली चूक, एकदम फार. उतारावर धावणं, वजन सावकाश खाली आणणं, खूप बैठका, अशा ताणत राबणाऱ्या हालचालींनी स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. हाच तीव्र दाह, आणि दुरुस्तीसाठी तो लागतोही. पण सवय नसताना पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारल्या तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकू शकतं. लघवी काळपट चहासारखी झाली, स्नायू कडक सुजले, हातपाय उचलेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यावर उपाय सोपा आहे. नव्या हालचालीच्या पहिल्या दिवशी ठरवलेल्याच्या निम्म्यावर थांबायचं. त्या एका हलक्या सत्राने स्नायू पुढचे काही आठवडे तशा इजेपासून बऱ्यापैकी सांभाळला जातो.

जोरकस व्यायाम रोज करून विश्रांती टाळली की उलटंच होतं: सकाळची नाडी नेहमीपेक्षा पाच-दहा ठोके चढी, झोप तुटक, तीच चाल जड, सर्दी मुक्कामाला. अशा वेळी शरीर पहिली आग विझवायच्या आत दुसरी लावली जात असते. आठवडाभर निम्म्यावर यायचं. दोन जोरकस दिवसांत किमान एक हलका दिवस हवा.

मग वेदनाशामक गोळ्या. अंग दुखतंय म्हणून व्यायामाआधीच आयबुप्रोफेन घेणारे पुष्कळ आहेत. रोज १२०० मिलिग्रॅम आठ आठवडे घेतलेल्या तरुणांच्या मांडीच्या स्नायूंची वाढ साधारण निम्मीच झाली, आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात घामाने पाणी कमी झालेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाला जड जाते. संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी हा वेगळा मामला, ती परस्पर बंद करू नका. ताकदीच्या व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसायचं वेडही त्याच माळेतलं. त्याने बरं वाटतं, पण नेहमीची सवय लावली तर स्नायूंची वाढ मंदावते. रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने होणारी इन्सुलिन प्रतिसादातली सुधारणा अडली, हे २००९ मध्ये दिसलं. व्यायामातला थोडासा रासायनिक ताण हाच शरीराला मिळणारा निरोप असतो, आणि हा ताण शमवणाऱ्या अशा ढीगभर अँटिऑक्सिडंट गोळ्या तो वाटेतच पुसतात. फळं-भाज्यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांना हे लागू नाही.

तपासणी करायचीच असेल तर नेहमीची सीआरपी नको, अगदी कमी पातळीही मोजणारी 'हाय सेन्सिटिव्हिटी' सीआरपी मागा. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे हृदयविकाराच्या दृष्टीने जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर बहुधा संसर्ग किंवा इजा आहे, तेव्हा त्याचं कारण शोधून दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. रक्तातलं सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मं होतं, त्यामुळे लेखाच्या सुरुवातीला आलेल्या, एकवीस किलोमीटर धावलेल्या माणसाचा आकडा काही दिवसांत आपोआप उतरतो. तपासणीआधी तीन-चार दिवस जोरकस व्यायाम टाळावा. सर्दी, दाताचा फोड किंवा नुकतीच घेतलेली लस असेल तर दोन आठवडे थांबावं. एका आकड्यावर विसंबू नये, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. गर्भनिरोधक गोळ्यांनी हे सीआरपी चढतं, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी उतरतं, आणि धूम्रपान व हिरड्यांचा आजार ते वर धरून ठेवतात. हिरड्यांतून रोज रक्त येत असेल तर कितीही चाललात तरी दंतवैद्याकडे जावंच लागेल.

संधिवाताच्या रुग्णांना व्यायामाने सांधे झिजतील ही भीती असते. रोगप्रतिकारक पेशी सांध्यांवरच हल्ला करतात त्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही बेताचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम सुरक्षित मानला जातो आणि तज्ज्ञ तो सुचवतात. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्या सांध्यावर भार टाकू नये, बाकीचं शरीर चालू ठेवावं. नंतर दोन तासांहून जास्त काळ दुखणं वाढलेलं राहिलं तर पुढच्या वेळी वेळ किंवा वजन चौथाईने कमी करावं. व्यायाम सोडायची गरज नसते.

तापात मात्र व्यायाम नाहीच. नुसतं नाक गळतंय, घसा खवखवतोय, तर सावकाश चालायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ, उलट्या-जुलाब असतील तर पूर्ण विश्रांती, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूत दाह करतात आणि त्या वेळी हृदयावर टाकलेला जोर धोक्याचा ठरतो. ताप उतरून किमान २४ तास गेले की पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं चालून बघायचं, आणि नेहमीच्या वेगावर यायला जितके दिवस आजारी होतात तितके दिवस तरी घ्यायचे. छातीत दुखलं, धडधड वाढली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवायचं.